टल्सा १९२१: एक दिवसाची सहल, मराठी टिपण आणि "आता तर सगळं ठीक आहे ना?"

सायली_डॅलस

नमस्कार मंडळी. जूनमधल्या एका शनिवारी डॅलसहून ओक्लाहोमा राज्यातल्या टल्साला एक दिवसाची सहल ठरतेय. मराठी शाळेतली ११ मुलं, वयं १० ते १५, आणि ९ पालक. १९२१ साली तिथला ग्रीनवुड हा कृष्णवर्णीयांचा भाग गोऱ्या जमावाने जाळला, ती जागा मुलांना दाखवायची आहे. गाडीत वाचायला दोन पानांचं मराठी टिपणही करायचंय. बरोबर दोघांचे आजी-आजोबा आहेत, त्यांनाही वाचता यावं.

अडतंय ते असं. काय बघायचं आणि कुठल्या क्रमाने? मृतांचा आकडा ३६ पासून ३०० पर्यंत काहीही दिसतो, टिपणात कुठला घालू? इंग्रजीत काही ठिकाणी 'रायट' आहे, काही ठिकाणी 'मॅसकर', मग मराठीत काय लिहायचं? आणि सगळ्यात अवघड म्हणजे मुलं हमखास विचारणार, "पण आता तर सगळं ठीक आहे ना?" यावर 'हो' म्हटलं तरी खोटं आणि 'नाही' म्हटलं तरी खोटं. जाणकारांनी मदत करा प्लीज.

---

खडूफळा

सायलीताई, आधी क्रम, कारण बहुतेक गटांचं तिथेच चुकतं. सगळे थेट संग्रहालयात शिरतात, दीड-दोन तासांनी सुन्न होऊन बाहेर येतात आणि मग रस्त्यावरचं काही दिसतच नाही. तुम्ही उलटं करा. आधी रस्ता, मग संग्रहालय.

डॅलस ते टल्सा साधारण २६० मैल. न थांबता सव्वाचार तास, मुलांसकट पाच धरा. सकाळी ६ ला निघालात तर ११ ला पोचाल. जूनमध्ये दुपारी एकनंतर तिथल्या पदपथावर उभं राहवत नाही, म्हणून उघड्यावरचं सगळं जेवणाआधी उरकायचं.

सुरुवात ग्रीनवुड अ‍ॅव्हेन्यू आणि आर्चर स्ट्रीटच्या चौकातून. समोर लाल विटांच्या इमारतींची रांग दिसेल. त्या जळितातून वाचलेल्या नाहीत, तिथल्याच लोकांनी नंतर पुन्हा उभ्या केलेल्या आहेत. हे मुलांना आधीच सांगा, नाहीतर "इथे तर काहीच जळलेलं नाही" असं ऐकायला मिळेल. मग पायाखाली बघायला सांगा. पदपथात धातूच्या छोट्या पाट्या बसवल्या आहेत. एकेका पाटीवर एकेका धंद्याचं नाव, तो १९२१ मध्ये नष्ट झाल्याची नोंद, आणि तो पुन्हा उघडला की नाही, इतकंच. एक शिंपी, एक दवाखाना, एक हॉटेल असं वाचत पुढे सरकायचं. माझ्या मते अख्ख्या टल्सात ह्याच्याइतकी बोलकी गोष्ट दुसरी नाही आणि तिला तिकीटही नाही.

चौकातून उत्तरेला चालायला लागलं की काही मिनिटांतच डोक्यावर महामार्गाचा पूल येतो, आंतरराज्य २४४. तिथे थांबा. जळितानंतर ग्रीनवुड पुन्हा उभं राहिलं, पुढची काही दशकं चांगलं चाललं आणि मग १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून हा महामार्ग बरोबर मधून काढला गेला. 'एका रात्रीत सगळं संपलं' ही गोष्ट सोपी असते म्हणून सगळे तीच सांगतात, पण पुलाखाली उभं राहिलं की ती अपुरी आहे हे दहा वर्षांच्या पोरालाही कळतं.

पुलापलीकडे व्हर्नन ए.एम.ई. (आफ्रिकन मेथॉडिस्ट एपिस्कोपल) चर्च. १९२१ च्या जळितात याचं फक्त तळघर टिकलं. जवळच माउंट झायन बॅप्टिस्ट चर्च. ही इमारत नवीकोरी असतानाच जाळली गेली. बांधकामाचं कर्ज मात्र तसंच राहिलं आणि जळून गेलेल्या इमारतीचं ते कर्ज मंडळींनी १९४२ पर्यंत फेडलं. आजची इमारत १९५२ ची. व्याजाचं गणित शिकलेल्या मुलांना हे वेगळं समजवावं लागत नाही.

तिथून पश्चिमेला इतिहासकार जॉन होप फ्रँकलिन यांच्या नावाचं सामंजस्य उद्यान, २०१० मध्ये खुलं झालेलं. आत शिरताच तीन ब्राँझचे पुतळे: बंदूक घेतलेला गोरा माणूस, हात वर केलेला काळा माणूस, आणि रेड क्रॉसचा प्रमुख एका काळ्या बाळाला घेऊन उभा. तिन्ही १९२१ च्या खऱ्या छायाचित्रांवरून केलेले. मधला सुमारे २५ फुटी स्तंभ गुलामीपासूनचा इतिहास खालून वर सांगत जातो, म्हणून वाचायला सुरुवात तळापासून करा. (मुलांसाठी: हे शिल्पकार एड ड्वाइट १९६० च्या दशकात अंतराळवीर व्हायच्या प्रशिक्षणात होते, तेव्हा संधी मिळाली नाही. २०२४ मध्ये वयाच्या ९० व्या वर्षी ते अवकाशात जाऊन आले. इथे मुलांचा चेहरा जरा उजळतो. त्याची गरज असते.)

मग जेवण आणि त्यानंतर ग्रीनवुड रायझिंग संग्रहालय, सुरुवातीच्याच चौकात. आजी-आजोबा धरून वीसहून जास्त जणांचा गट आहे म्हणून वेळ आधी बुक करा. हत्याकांडाचं दालन अंधारं आहे, मोठे आवाज आणि चित्रफिती आहेत. त्याच्या आधी बाहेर पडायची वेगळी वाट ठेवलेली असते. दहा-अकरा वर्षांच्या मुलांबरोबर कोणता पालक त्या वाटेने जाईल हे डॅलसहून निघण्यापूर्वीच ठरवा. दारात उभं राहून ठरवायला लागलात की मुलांना तो कमीपणा वाटतो आणि ती हट्टाने आत जातात.

काय टाळायचं: ड्रेक्सेल बिल्डिंग आणि जुनं कोर्ट, म्हणजे जिथून ठिणगी पडली त्या जागा, शोधत फिरू नका, दोन्ही पाडली गेली आहेत. ओकलॉन, जिथे मृतांपैकी काहींना पुरलं, ती शहराची चालू दफनभूमी आहे, सहलीची जागा नव्हे. तिच्याबद्दल गाडीत सांगा.

---

शब्दाक्ष

खडूफळा यांनी वाट दाखवलीच आहे, मी टिपणाचं बघतो.

मराठीत 'हत्याकांड' लिहा. 'दंगल' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दोन जमाव येतात, दगडफेक येते. ३१ मेच्या रात्री कोर्टाबाहेर दोन गट खरंच समोरासमोर होते, तेवढ्यापुरता तो शब्द चालून जाईल. १ जूनच्या पहाटेपासून जे झालं त्याला तो चालणार नाही. हजारोंचा सशस्त्र जमाव रूळ ओलांडून एका वस्तीत शिरला. त्यातल्या कित्येकांना शहरानेच तात्पुरते पोलीस नेमलं होतं. लोकांना घराबाहेर काढायचं, घर लुटायचं, मग पेटवायचं, असं गल्लीमागून गल्ली चाललं. सुमारे ६,००० काळ्या रहिवाशांना सभागृहात, बेसबॉलच्या मैदानावर आणि जत्रेच्या मैदानावर डांबलं गेलं. सुटायला कुणीतरी गोरा मालक येऊन हमी द्यावी लागे, आणि नंतर बाहेर फिरायला हिरवं ओळखपत्र.

इंग्रजीतला 'रायट' शब्द विमा कंपन्यांना वाचवायला मुद्दाम ठेवला, असं समाजमाध्यमांवर सर्रास फिरतं. ते जसंच्या तसं टिपणात घालू नका. त्या काळी ईस्ट सेंट लुइस १९१७, शिकागो १९१९ अशा सगळ्याच वांशिक हिंसाचाराला तो शब्द लावत. कटाची गरजच नव्हती. मात्र परिणाम खरा आहे: पॉलिसीत दंगलीमुळे झालेलं नुकसान वगळणारं कलम होतं आणि कंपन्यांनी त्यावर बोट ठेवलं. रेडफर्न नावाच्या गोऱ्या मालकाचं एक थिएटर आणि एक हॉटेल ग्रीनवुडमध्ये होतं, विमा १९,००० डॉलरचा. तो कोर्टात गेला आणि १९२६ मध्ये ओक्लाहोमाच्या सर्वोच्च न्यायालयात हरला. गोरा मालक, हातात पॉलिसी, वर वकील, तरी ही गत. बाकीच्यांचं काय झालं असेल ते सांगायला नको.

आकडा असा लिहा: "या घटनेच्या अभ्यासासाठी नेमलेल्या राज्य आयोगाला २००१ मध्ये ३९ मृत्यू कागदोपत्री पक्के करता आले, २६ काळे आणि १३ गोरे. एकूण मृतांचे अंदाज ७५ पासून ३०० पर्यंत आहेत." दोन्ही वाक्यं एकत्र ठेवा. फक्त ३०० लिहिलंत तर कुणीतरी ३९ चा कागद दाखवून सगळंच खोटं ठरवेल, आणि फक्त ३९ लिहिलंत तर घाईघाईत नोंद न करता पुरलेली माणसं गायब होतील. आजी-आजोबांना समजायला जालियनवाला बागेचा दाखला पुरेल. तिथेही सरकारी आकडा ३७९ आणि काँग्रेसचा सुमारे १,०००, आणि त्या दोन आकड्यांतच अर्धा इतिहास आहे.

घरांचा आकडा त्यामानाने भक्कम आहे. रेड क्रॉसने मोजला: १,२५६ घरं जळली, आणखी २१५ लुटली पण जाळली नाहीत. जळालेला भाग सुमारे ३५ ब्लॉकचा.

सुरुवात कशाने झाली हे दोन ओळींत आटपा. ३० मे, ड्रेक्सेल बिल्डिंगची लिफ्ट, बूटपॉलिश करणारा १९ वर्षांचा डिक रोलंड, लिफ्ट चालवणारी सारा पेज. तो आत शिरला, ती ओरडली, दुसऱ्या दिवशी अटक, संध्याकाळच्या पेपरात भडक बातमी, रात्री कोर्टाबाहेर जमाव. त्याला झुंडबळी होऊ द्यायचं नाही म्हणून काळे लोक, त्यात पहिल्या महायुद्धातून परतलेले सैनिकही, शस्त्रं घेऊन पोचले. पुढे डिकवरचा खटला काढून टाकण्यात आला. मुलं लिफ्टमध्ये 'नक्की काय झालं' यातच अडकतात. पण ठिणगी लिफ्टमधली असली तरी दारूगोळा आधीपासून साठला होता. १९०७ मध्ये राज्य झाल्यावर ओक्लाहोमाच्या विधिमंडळाने केलेला पहिला कायदा रेल्वेचे डबे वंशावरून वेगळे करण्याचा होता.

शब्दांबद्दल शेवटचं: टिपणात 'कृष्णवर्णीय', बोलताना 'काळे' आणि 'गोरे' चालेल, पण दोन्हीकडे सारखं. एकीकडे 'काळे' आणि दुसरीकडे 'अमेरिकन' असं नकळत होतं, ते तपासा. जुन्या मराठी पुस्तकांतला 'निग्रो' फक्त मूळ कागदाचं नाव सांगताना.

अवांतर: आजोबा "हे आपल्याशी काय?" म्हणाले तर जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केली होती, हे सांगा. त्यानंतर ४८ वर्षांनी टल्सा. गुलामीचा कायदा रद्द झाला म्हणून माणसं बदलत नाहीत, ते त्यांना अधिक सांगावं लागणार नाही. जात म्हणजे वंशच, असं समीकरण मात्र मांडू नका. दोन्हीचे धागे वेगळे आहेत आणि दोन पानांत तो गुंता सुटत नाही.

---

सायली_डॅलस

दोघांचेही खूप आभार, प्रिंट काढून ठेवलंय. 'विमानातून बॉम्ब टाकले' हे पण सगळीकडे दिसतं. ते घालू का? आणि शेवटचा प्रश्न तसाच आहे, "आता ठीक आहे ना?"

---

कागदवाला

विमानांचं आधी. विमानं उडाली यात वाद नाही. ती टेहळणीसाठी होती असं अधिकाऱ्यांचं म्हणणं. वकील बी. सी. फ्रँकलिन यांनी १९३१ मध्ये टंकलिखित केलेल्या १० पानांत विमानं घिरट्या घालताना आणि इमारती माथ्यापासून पेटताना पाहिल्याचं लिहिलंय, पदपथावर टर्पेंटाइनचे पेटते गोळे पडल्याचंही. ती पानं २०१५ मध्ये सापडली आणि आज वॉशिंग्टनच्या आफ्रिकन अमेरिकन संग्रहालयात आहेत. टिपणात "प्रत्यक्षदर्शींनी विमानांतून पेटते गोळे पडताना पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे" एवढं पुरे. 'बॉम्बवर्षाव' म्हटलं की मुलांच्या डोक्यात दुसरं महायुद्ध येतं.

याच फ्रँकलिनांचा एक फोटो शोधून मोठा छापून न्या. जळितानंतर तंबूत टेबल मांडून वकिली चाललीय. ते तंबूत बसून काय करत होते हे कळलं की तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळतं. जाळपोळीनंतर काही दिवसांतच शहराने नियम केला: जळलेल्या भागात बांधकाम करायचं तर अग्निरोधक साहित्यानेच, म्हणजे बेघर माणसाला न परवडणारं. जमीन मोकळी व्हावी, तिथे उद्योग आणि रेल्वेची सोय यावी, हा हेतू होता. फ्रँकलिन लढले आणि तो नियम न्यायालयाने रद्द केला. ग्रीनवुड परत उभं राहिलं ते यामुळे, आणि हिवाळा तंबूत काढून जागा न सोडणाऱ्या माणसांमुळे. (उद्यानाला नाव दिलंय ते जॉन होप फ्रँकलिन म्हणजे यांचाच मुलगा, पुढे मोठा इतिहासकार. हत्याकांडामुळे कुटुंबाला टल्सात येऊन एकत्र राहायला १९२५ उजाडलं.)

आता "ठीक आहे ना?" मुलांना सांगा की हा एक प्रश्न नाही, चार-पाच आहेत, आणि प्रत्येकाची उत्तरं वेगळ्या सालांत आली, काहींची आलीच नाहीत.

नावं सर्वांत सोपी, तरी बघा किती वेळ लागला. विधिमंडळाने १९९७ मध्ये नेमलेल्या आयोगाच्या नावातही 'रायट' होतं, 'मॅसकर' हा शब्द अधिकृत वापरात स्थिरावला तो २०१८ च्या सुमाराला. शेजारच्या ब्रेडी स्ट्रीटची गंमत तर सांगाच. शहराच्या संस्थापकांतला टेट ब्रेडी कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेचा सभासद होता. २०१३ मध्ये नाव बदलायची मागणी आली, तेव्हा नगरपरिषदेने पाटी तशीच ठेवून माणूस बदलला: हा रस्ता आता यादवी युद्धाचे छायाचित्रकार मॅथ्यू ब्रेडी यांच्या नावाने! त्यांचा टल्साशी काडीचा संबंध नव्हता. शेवटी २०१९ मध्ये 'रिकन्सिलिएशन वे' झालं. तिथलं टल्सा थिएटर म्हणजे जुनं सभागृह, लोकांना डांबलं होतं ती एक जागा. परतताना गाडीतून दाखवा.

शाळेचं पुढेमागे चालू आहे. राज्याच्या अभ्यासक्रमात हा विषय २००२ पासून आहे. मे २०२१ मध्ये, शंभरीला काही आठवडे उरले असताना, राज्यपालांनी एच.बी. १७७५ वर सही केली. वंशाबद्दल वर्गात काय शिकवू नये हे सांगणारा कायदा. विषय शिकवायला बंदी नाही असं समर्थक म्हणतात, आणि ते अक्षरशः खरं आहे. पण नोकरी सांभाळणारा शिक्षक कायद्याचं अक्षर वाचत नाही, तक्रार येईल का ते बघतो. २०२४ मध्ये संघीय न्यायालयाने त्यातल्या काही तरतुदींना तात्पुरती स्थगिती दिली.

पैसा: इथे जवळपास काहीच हललं नाही. त्या वेळी शहराकडे १८ लाख डॉलरच्या वर दावे आले. ते फेटाळले गेले. मंजूर झाला तो एका गोऱ्या दुकानदाराचा, सुमारे ४,००० डॉलर, कशाबद्दल तर त्याच्या दुकानातून जमावाने नेलेल्या बंदुका आणि काडतुसांबद्दल. हे वाक्य टिपणात घालाच. २००१ च्या आयोगाने वाचलेल्यांना थेट भरपाईची शिफारस केली, विधिमंडळाने शिष्यवृत्ती, स्मारक आणि पदकं दिली. २००३ चा दावा मुदत संपल्याच्या मुद्द्यावर पडला. म्हणून २०२० मध्ये वकिलांनी वेगळी वाट धरली, 'सार्वजनिक उपद्रव' हा कायदा. उपद्रव अजून चालू आहे असं म्हटलं की मुदतीचा प्रश्न येत नाही, आणि त्याआधी वर्षभर ओक्लाहोमात एका औषध कंपनीविरुद्ध याच कायद्याने मोठा निकाल लागला होता. पण तो निकाल २०२१ मध्ये वरच्या न्यायालयाने उलटवला आणि कायद्याची व्याप्ती आखडली. १२ जून २०२४ ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने टल्साचा दावाही कायमचा फेटाळला. तक्रार रास्त आहे हे मान्य करून, फक्त या कायद्यात बसत नाही म्हणून. तीन वाचलेले वादी होते. ह्यूज व्हॅन एलिस २०२३ मध्ये १०२ व्या वर्षी गेले, त्यांची बहीण व्हायोला फ्लेचर २०२५ मध्ये १११ व्या वर्षी. २०२२ मध्ये तिघांना मिळून १० लाख डॉलर मिळाले, तेही खासगी दात्याकडून.

माणसं: टल्साचे पहिले कृष्णवर्णीय महापौर मनरो निकोल्स २०२४ मध्ये निवडून आले. १ जून २०२५ ला त्यांनी १०.५ कोटी डॉलरच्या खासगी न्यासाची योजना जाहीर केली: ६ कोटी इमारती आणि वारसा जपायला, २.४ कोटी घरांसाठी, २.१ कोटी जमीन आणि शिष्यवृत्तीसारख्या कामांना. वंशजांच्या हातात थेट रोख त्यात नाही. नगरपरिषदेची मंजुरी आणि करदात्यांचा पैसा, दोन्ही लागू नयेत म्हणून खासगी न्यास. हुशारी म्हणा, मर्यादा म्हणा.

देशपातळीवरचं एक: झुंडबळी हा संघीय गुन्हा ठरवायचं पहिलं विधेयक १९०० मध्ये आलं, कायदा झाला २०२२ मध्ये. मधली १२२ वर्षं मुलांना वजा करू द्या.

---

मातीपारखी

दफनभूमीचं राहिलं, ते मी घेतो. प्रगती म्हणजे नेमकं किती कष्टाचं काम असतं ते इथे दिसतं.

ओकलॉनमध्ये सामूहिक दफन झाल्याचं लोक पिढ्यान् पिढ्या सांगत होते. २००१ च्या आयोगापुढे साक्ष झाली, यंत्रांनी पाहणी झाली, पण उत्खनन झालं नाही. २०१८ मध्ये तेव्हाचे महापौर जी. टी. बायनम यांनी तपास पुन्हा उघडला. पायऱ्या अशा. आधी जमिनीत रडार लहरी सोडतात. रडारला हाडं दिसत नाहीत हे नीट समजून घ्या. त्याला फक्त कधीतरी खणून पुन्हा भरलेली माती वेगळी दिसते. मग त्या जागी बारीक नळीने मातीचा नमुना काढतात, मग चाचणी चर. जुलै २०२० मधली पहिली जागा रिकामी निघाली, वर्तमानपत्रांत "काही सापडलं नाही" छापून आलं. ऑक्टोबरमध्ये दुसरी जागा खणली, तिला 'ओरिजिनल एटीन' म्हणतात, कारण अंत्यविधी करणाऱ्यांच्या जुन्या नोंदींत १८ काळ्या मृतांचं दफन तिथे लिहिलेलं होतं. तिथे साध्या लाकडी पेट्या ओळीने लागल्या. म्हणजे यंत्र चुकलं आणि वही बरोबर निघाली!

सापडलेला प्रत्येक सांगाडा १९२१ चा नसतो, ती शहराची जुनी दफनभूमी आहे. म्हणून साधी पेटी, प्रौढ पुरुष, गोळीची जखम असं एकेक जुळवत जावं लागतं. मग दात किंवा मांडीच्या हाडातून डी.एन.ए. शंभर वर्षं ओल्या मातीत राहिल्यावर तो तुकड्या-तुकड्यांत मिळतो. तो घरच्यांशी थेट जुळवायला घरचे कोण तेच माहीत नसतं, म्हणून लोकांनी स्वखुशीने वंशावळीच्या संकेतस्थळांवर दिलेल्या नमुन्यांशी ताडून आडनावं आणि गावं काढतात, आणि शेवटी कागद शोधतात. जुलै २०२४ मध्ये पहिलं नाव निघालं: सी. एल. डॅनियल, पहिल्या महायुद्धातला सैनिक, जॉर्जियाचा. पक्कं झालं ते त्याच्या आईच्या वकिलाने १९३६ मध्ये माजी सैनिकांच्या खात्याला लिहिलेल्या पत्रावरून. आईला निवृत्तिवेतनाचा लाभ हवा होता आणि पत्रात लिहिलं होतं की मुलगा १९२१ मध्ये टल्सात मारला गेला. ते पत्र सरकारी दप्तरात ८८ वर्षं पडून होतं.

एक खटकणारी गोष्टही सांगा. २०२१ मध्ये तपासलेले अवशेष पुन्हा ओकलॉनमध्येच पुरले, तेव्हा काही वंशजांनी कुंपणाबाहेर निषेध केला. शोध चांगला, पण निर्णय कुणी घ्यायचा हा वाद मिटलेला नाही.

---

शब्दाक्ष

मातीपारखी, उत्तम. एक भर: जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने या प्रकरणाचा सविस्तर अहवाल काढला. आरोपी कुणी जिवंत नाही, मुदतही गेलेली, म्हणून खटला शक्य नाही असा निष्कर्ष. पण संघीय पातळीवरून नीट पडताळणी व्हायला १०३ वर्षं लागली. कागदवाला यांच्या यादीत 'न्याय' हा खाना वेगळा काढा. खून-जाळपोळीबद्दल तेव्हा कुणालाही शिक्षा झाली नाही. उलट हॉटेलमालक जे. बी. स्ट्रॅडफर्ड यांच्यावर दंगल भडकवल्याचा आरोप ठेवला होता आणि ते शिकागोला निघून गेले. तो आरोप काढून टाकला गेला १९९६ मध्ये.

---

सायली_डॅलस

बंदुकांची भरपाई वाचून थांबलेच. टिपण आता तीन पानी होणार, होऊ दे. मुलांना नुसतं ऐकवण्याऐवजी हाताला काही काम देता येईल का? १० वर्षांची आणि १५ वर्षांची एकत्र आहेत.

---

खडूफळा

देता येईल. पदपथावरच्या त्या पाट्या. दोघादोघांच्या जोड्या करा, एक लहान एक मोठा, अकरावं मूल तुमच्याबरोबर. प्रत्येक जोडीला रस्त्याचा एक तुकडा वाटून द्या, म्हणजे एकाच पाटीभोवती गर्दी होणार नाही. कागदावर तीन रकाने: धंद्याचं नाव, कसला धंदा, पुन्हा उघडला का. २५ मिनिटं पुरे. जेवताना सगळ्यांचे कागद एकत्र करून बेरीज करायची, किती उघडले, किती नाही. मोठ्यांना पुढचा प्रश्न द्या: उघडले त्यांना पैसे कुठून मिळाले असतील, विमा तर मिळाला नव्हता?

ज्यांना हवं असेल त्यांनी एका पाटीवर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासून ठसा घ्यावा. साधा प्रिंटरचा कागद जाड पडतो, ट्रेसिंग पेपर न्या, आणि पेन्सिल मऊ, ६बी वगैरे. मेणाचे खडू नकोत, तापल्या धातूवर वितळून पाटीला चिकटतात. ११ च्या सुमाराला पाट्या हात ठेवता येतील इतपत असतात, १ नंतर नाही. शिवाय गुडघे टेकावे लागतात, तेव्हा जुनी वर्तमानपत्रं घ्या. आणि दुकानांच्या दारासमोर पसरू नका. तिथे आजही माणसं धंदा करतायत, त्यांची गिऱ्हाइकं अडतात.